वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्यांसाठी बकऱ्याचा कोणता भाग घ्यावा?

प्रश्न : राजेंद्रनगरवासी, इंदूर

सर्वांना नमस्कार. माझा पुतण्या गेली नऊ वर्षे अमेरिकेत कोलोराडो राज्यात राहतो आणि तेथील लोकांप्रमाणे घरीच बीफ जर्की करतो, म्हणजे मांसाच्या पातळ पट्ट्या मसाल्यात मुरवून मंद उष्णतेवर वाळवतो. डोंगरात चालताना त्या खिशातून काढून तशाच खाता येतात. सप्टेंबरमध्ये माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र हिमाचलातील हमटा खिंडीच्या पदभ्रमणाला जाणार आहेत आणि त्यांच्यासाठी असे काही घरी करून द्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. मध्य प्रदेशात 2004 च्या अधिनियमाने गोवंशाच्या वधावर बंदी आहे आणि आमच्या घरीही ते मांस कधी आलेले नाही, त्यामुळे हा पदार्थ मी बकऱ्याच्या मटणाचाच करणार आहे.

माझी अडचण भाग निवडण्याची आहे. पुतण्याने पाठवलेल्या कृतीत टॉप राउंड, आय ऑफ राउंड, फ्लँक अशी गाईच्या अंगाच्या भागांची नावे आहेत. ती आमच्या मटणवाल्याला सांगून काही उपयोग नाही. तो रान, दस्त, चाप, सीना, गर्दन या शब्दांनी बोलतो आणि त्यातले नेमके काय मागावे, हे मला ठरवता येत नाही.

आतापर्यंत दोन प्रयत्न फसले आहेत. मे महिन्यात मी रश्श्यासाठी नेहमी घेतो तसे सीना, म्हणजे छातीचा भाग, आणि खांद्याचे मिळून एक किलो मटण घेतले, हाडे काढली, मीठ, तिखट व लसूण लावून गच्चीवर मलमलीखाली तीन दिवस वाळवले. वरून ते छान कोरडे दिसत होते, पण आठव्या दिवशी डब्याला जुन्या तेलासारखा खवट वास येऊ लागला आणि सर्व टाकून द्यावे लागले. दुसऱ्या वेळी खवटपणा टाळावा म्हणून चरबी नसलेले, नळीभोवतीचे मांस घेतले आणि ओटीजीमध्ये, म्हणजे घरातील छोट्या विजेच्या भट्टीत, वाळवले. ते टिकले, परंतु इतके चिवट झाले की माझ्या पंचवीस वर्षांच्या मुलालाही ते चावता आले नाही. चरबी असली तरी बिघडते आणि नसली तरी खाता येत नाही, मग घ्यावे तरी काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, महू

राजेंद्रनगरवासी, आपण दोन्ही वेळा मटण चांगलेच घेतले होते, फक्त ते रश्श्याच्या हिशेबाने घेतले होते. आपल्याकडे चांगले मटण म्हणजे ज्याला थोडी चरबी आहे, हाड आहे, नळी आहे आणि जे तासभर शिजल्यावर रश्श्याला दाटपणा देते. वाळवणाला यातले काहीही चालत नाही. रश्श्याला जे उत्तम, ते वाळवायला बहुधा सर्वांत वाईट असते आणि आपले दोन्ही प्रयत्न फसण्याचे कारण हेच आहे.

आधी खवटपणाविषयी. वाळवण टिकते ते पाणी निघून गेल्यामुळे. चरबीत पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती कितीही वेळ ठेवली तरी वाळत नाही. उलट हवा, उजेड आणि उष्णता यांनी तिचे ऑक्सिडीकरण होते आणि तोच तो जुन्या तेलाचा वास. शिवाय चरबीच्या थराखालचे मांस ओले राहते, कारण तेथून ओलावा बाहेर पडू शकत नाही. सीन्याच्या भागात मांस आणि चरबी यांचे थर एकाआड एक असतात आणि ते सुरीने वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून सीना पूर्णपणे वर्ज्य समजावा. बकऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या मांसाचा उग्र वास मुख्यतः चरबीतील काही आम्लांमुळे येतो आणि वाळवल्यावर तो अधिकच तीव्र होतो. म्हणून मोठ्या, न खच्ची केलेल्या बोकडाऐवजी साधारण एक वर्षाच्या, अंगाने सडपातळ बकऱ्याचे मटण मागावे. मेंढीचे मटण मात्र शक्यतो घेऊ नये, कारण बकऱ्याची चरबी बव्हंशी पोटात आणि मूत्रपिंडांभोवती साठते, तर मेंढीच्या बाबतीत ती कातडीखाली आणि स्नायूंच्या मध्येही बरीच असते.

आता चिवटपणा. नळीभोवतीचे स्नायू जनावर दिवसभर वापरते, त्यामुळे त्यांत संयोजी ऊतक, म्हणजे पांढरे पडदे आणि शिरा, पुष्कळ असतात. त्यातील कोलॅजन दीर्घकाळ ओल्या उष्णतेत शिजले तरच विरघळून मऊ होते. पायाचा रस्सा थंड झाल्यावर घट्ट जमतो, तो या कोलॅजनमुळेच. कोरड्या उष्णतेत मात्र ते आखडून दोरीसारखे होते. आपल्या मुलाला ते चावता आले नाही, यात नवल नाही. मानेच्या मांसालाही हेच लागू आहे.

मग उरते ती मागची मांडी, जिला इंदुरात रान म्हणतात. आपल्या पुतण्याच्या कृतीतले टॉप राउंड आणि आय ऑफ राउंड हे गाईच्या मागच्या मांडीचेच भाग आहेत, त्यामुळे बकऱ्याच्या शरीरात त्यांचे स्थान शोधणे कठीण नाही. मांडी टेबलावर ठेवून पाहिली तर चार मोठे स्नायू दिसतात. आतल्या अंगाचा रुंद, जाड स्नायू हा टॉप राउंडचा भाग होय आणि वाळवणासाठी तो मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन, कारण त्याचे तंतू लांब, सरळ आणि एका दिशेचे असतात, मध्ये पडदे कमी असतात. गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या अंगाला जो गोलसर गोळा असतो तो दुसऱ्या क्रमांकावर. बाहेरच्या अंगाचा चपटा स्नायू थोडा राठ असतो, पण चालतो. त्याच्या मागे जो बारीक, लांबट गोल स्नायू असतो तो म्हणजे आय ऑफ राउंड. गाईत तो चांगला मोठा असतो, पण बकऱ्यात तो इतका लहान निघतो की त्याच्या पट्ट्या जेमतेम बोटभर रुंद होतात.

या शेवटच्या दोन स्नायूंच्या मध्ये, चरबीत दडलेली एक करड्या रंगाची लसिका ग्रंथी असते, जिला खाटीक गदूद म्हणतात. ती न चुकता शोधून काढून टाकावी. रश्श्यात एखादी राहिली तर तिची चव मसाल्याखाली झाकली जाते, पातळ वाळवलेल्या पट्टीत ती झाकली जाणार नाही.

पाठीच्या कण्यालगतचा लांब स्नायू, म्हणजे चापेतील मांसाचा डोळा, सर्वांत मऊ असतो आणि वाळवायलाही उत्तम असतो, परंतु तो थोडा आणि महाग असल्यामुळे वाळवण्यात घालवावा असे मला वाटत नाही. खांदा, म्हणजे दस्त, फक्त नाइलाज असेल तर घ्यावा, कारण त्यात लहान लहान स्नायू निरनिराळ्या दिशांना जातात आणि सलग पट्टी निघत नाही.

मटणवाल्याला एवढेच सांगावे : “पूरी रान दे दो, हड्डी समेत, काटना मत.” बोटी करून घेतली की तंतूंची दिशा हरवते आणि पुढचे सर्व काम बिघडते. पसंदेही मागू नयेत, कारण ते सुरीच्या पाठीने ठोकून पसरवलेले असतात आणि जाडी असमान असल्याने कुठे कडक, कुठे ओले वाळतात. घरी आणल्यावर ही मांडी झाकून चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवावी. आपल्याकडे मटण बहुधा कापल्यानंतर काही तासांतच विकले जाते, तेव्हा स्नायू ताठरलेले असतात आणि तशा अवस्थेत वाळवलेले मांस अधिक राठ होते.

उत्तर : लष्करची रहिवासी, ग्वाल्हेर

डॉक्टरसाहेबांनी भाग अतिशय नीट समजावून सांगितले आहेत. मी गेली काही वर्षे हिवाळ्यात हे करते, म्हणून कापण्याविषयी थोडे लिहिते. बकऱ्याच्या मांडीत भाग योग्य मिळूनही कापणी चुकली तर सर्व श्रम वाया जातात, असा माझा अनुभव आहे.

मांडी सुरीने कापत सुटू नये, उलगडावी. स्नायूंच्या मध्ये पांढऱ्या पडद्याच्या रेषा दिसतात, त्यांत बोट घालून स्नायू एकेक करून वेगळे होतात, सुरीचे फक्त टोक लागते. त्यानंतर प्रत्येक स्नायूवरचा चकचकीत, रुपेरी पापुद्रा, ज्याला आमच्याकडे झिल्ली म्हणतात, तो पातळ सुरी आडवी धरून संपूर्ण सोलून काढावा. हा पापुद्रा शिजवूनही मऊ होत नाही, त्यामुळे वाळवून होईल अशी आशा ठेवू नये. या कामाला मला एका मांडीमागे पाऊण तास लागतो आणि त्यात घाई केली तर नंतर पश्चात्ताप होतो.

मोकळे केलेले स्नायू दीड ते दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे ते दगड होत नाहीत, पण इतके घट्ट होतात की चार-पाच मिलिमीटर जाडीच्या एकसारख्या चकत्या निघतात. सहा मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. धाग्यांच्या दिशेने कापले तर पट्टी लांब, मजबूत आणि चघळत राहावी लागेल अशी होते. धाग्यांना आडवे कापले तर ती दाताखाली सहज तुटते, पण फार आडवे झाले तर पिशवीत तिचा चुरा होतो. बीफच्या कृतींत बरेच जण धाग्यांच्या दिशेने कापायला सांगतात. बकऱ्याच्या मांसासाठी मी मात्र तिरके कापते, धाग्यांशी साधारण अर्ध्या काटकोनात, आणि घरातील ज्येष्ठांनाही ते खाता येते.

आणखी एक सांगते. मीठ रश्श्याच्या अंदाजाने घालू नये. एक किलो स्वच्छ मांसाला मी वीस ग्रॅम मीठ वजन करून घालते. वाळल्यावर त्या किलोचे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उरते आणि मीठ मात्र तेवढेच राहते, म्हणून ओल्या मांसात जे अळणी वाटते ते वाळल्यावर पुरेसे खारट लागते. मसाल्यात कांद्याचे वाटण, दही किंवा तेल घालू नये. भरडलेले धणे, मिरे, लसूण, लाल तिखट आणि दोन-तीन चमचे व्हिनेगर एवढे पुरते, आणि ते रात्रभर फ्रिजमध्येच मुरवावे, ओट्यावर ठेवू नये.

उत्तर : मूळचे बीडकर, सध्या सुदामानगर, इंदूर

या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख व्हावा असे मला मनापासून वाटते. मांसाच्या पट्ट्या वाळवणे ही केवळ परदेशातून आलेली विद्या नाही. जर्की हा शब्द दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतील चार्की या शब्दावरून आला, हे खरे. परंतु मराठवाड्यात आणि आसपासच्या भागांत दलित समाजाने मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे आणि त्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. माझ्या आजीच्या घरी दोरीवर त्या पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते. एकदा मांस मिळाले की ते पुढचे कितीतरी दिवस पुरवावे लागे, आणि ज्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते त्यांनी ते ऊन आणि मीठ यांच्या आधारे पुरवले. आजी मांसाचा गोळा हातात फिरवीत सुरीने अशी कापत जाई की एकाच गोळ्यातून हातभर लांब, अखंड पट्टी निघे, आणि चरबी निराळी काढून ती कढवून ठेवी. चरबी पट्टीवर राहू द्यायची नाही, हा नियम तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नव्हता.

मात्र चान्या आणि जर्की यांत एक मूलभूत फरक आहे आणि राजेंद्रनगरवासी यांनी तो ध्यानात घ्यावा. चान्या तशाच खात नसत. त्या निखाऱ्यावर भाजत किंवा डाळीत, भाजीत शिजवीत. भूतानमधील शाकम, म्हणजे तेथील वाळवलेले मांस, तेही मिरच्यांबरोबर शिजवूनच खातात. म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाला खाण्यापूर्वी विस्तव दाखवला जात असे. आपला मुलगा डोंगरात ती पट्टी खिशातून काढून तशीच खाणार आहे, त्यामुळे केवळ गच्चीवरच्या उन्हावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. इंदूरच्या मे महिन्यात हवेचे तापमान चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत जाते, पण मांसातील जंतू मरण्यास तेवढे पुरत नाही, आणि धूळ व माश्या यांचा प्रश्न उरतोच.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, महू

सुदामानगरच्या आपल्या मित्रांनी मांडलेला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवा होता. 1995 साली अमेरिकेत ओरेगॉन राज्यात हरणाच्या मांसाच्या घरगुती जर्कीमुळे ई. कोलाय जिवाणूची लागण झाली होती. अमेरिकेचा कृषी विभाग असे सांगतो की मांस वाळवण्यापूर्वी आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापले पाहिजे, आणि कोंबडीचे असेल तर 74 अंश. त्यानंतर ते 54 ते 60 अंशांच्या हवेत वाळवावे.

हा क्रम उलटा का करू नये, हेही समजून घ्यावे. ओले मांस 60 अंशांच्या हवेत ठेवले तरी प्रथम ते स्वतः 60 अंशांना पोचत नाही, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि पट्टी थंड राहते. माठातले पाणी थंड राहते, तोच हा नियम. या काळात जिवाणू मरत नाहीत, आणि एकदा का पृष्ठभाग कोरडा झाला की ते उष्णतेला अधिक दाद देईनासे होतात. म्हणून मुरवलेल्या पट्ट्या त्याच मसाल्याच्या पाण्यासह पातेल्यात घालून उकळी आणाव्यात आणि काही मिनिटे ठेवून गाळून घ्याव्यात. पट्टी पातळ असल्याने तापमापक आत खुपसता येत नाही, तेव्हा चिमट्याने एक पट्टी त्याच्या टोकाभोवती गुंडाळून तापमान पाहावे. याने पट्ट्यांचा रंग थोडा फिका होतो आणि पोत किंचित बदलतो, पण मांडीचे मांस असेल तर चिवटपणा येत नाही.

खिम्याच्या पट्ट्या करण्याचा मोह कुणाला झाला तर तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. अखंड स्नायूत जंतू बहुतांशी बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. यंत्रातून काढलेल्या खिम्यात ते सर्वत्र मिसळले जातात, आणि त्याबरोबर चरबीही.

प्रश्नकर्ता : राजेंद्रनगरवासी, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सांगण्यानुसार रविवारी मी अखंड मांडी आणली, हाडासह एक किलो सहाशे ग्रॅम वजनाची. मटणवाल्याला न कापता मागितल्याचे नवल वाटले, पण कारण सांगितल्यावर त्याने स्वतःहून सडपातळ बकऱ्याची निवडून दिली. एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मी आणि पत्नीने मिळून ती उलगडली. चारही स्नायू जसे वर्णन केले तसेच सापडले आणि ती करडी ग्रंथीही चरबीत दडलेली मिळाली. इतकी वर्षे मटण खाऊनही ती मी कधी पाहिली नव्हती. झिल्ली, चरबी आणि हाड वजा जाता स्वच्छ मांस आठशे चाळीस ग्रॅम उरले. हाडे आणि नळीचे मांस त्याच संध्याकाळी रश्श्यात गेले.

ग्वाल्हेरच्या ताईंप्रमाणे तिरक्या चकत्या कापल्या, सतरा ग्रॅम मीठ घातले, रात्रभर मुरवून सकाळी उकळी आणली. आमच्या ओटीजीवर 60 अंशांची खूण आहे, तिचे दार लाकडी चमच्याने बोटभर उघडे ठेवले. बाहेर पावसाळी दमट हवा असल्याने साडेआठ तास लागले. शेवटी दोनशे नव्वद ग्रॅम पट्ट्या मिळाल्या. आतल्या अंगाच्या रुंद स्नायूच्या पट्ट्या सर्वांत चांगल्या झाल्या, बाहेरच्या अंगाच्या थोड्या राठ, पण मुलाने दोन्ही आवडीने खाल्ल्या. मला एवढेच विचारायचे आहे की पुरेशा वाळल्या हे खात्रीने कसे ओळखावे, आणि सप्टेंबरपर्यंत त्या टिकतील का?

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, महू

आपले वाचून फार समाधान वाटले. एक पट्टी बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्यावी, कारण गरम असताना ती नेहमीच मऊ वाटते. नंतर ती वाकवावी. तिला तडा जाऊन पांढरे तंतू दिसले, पण तिचे दोन तुकडे झाले नाहीत, तर वाळवण योग्य झाले. नुसतीच वाकली तर आणखी तासभर ठेवावे. कट्‌कन मोडली तर जरा जास्त वाळली आहे, टिकायला उत्तम, चावायला मात्र कठीण.

सर्व पट्ट्या काचेच्या बरणीत भरून एक दिवस ठेवाव्यात आणि बरणीच्या आत बाष्प दिसले तर पुन्हा वाळवाव्यात. घरगुती पट्ट्या बाहेर दोन आठवड्यांहून अधिक ठेवू नयेत, आणि आपल्या सध्याच्या पावसाळ्यात तर त्याहूनही कमी. आता केलेल्या पट्ट्या हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवल्या तर सप्टेंबरपर्यंत चांगल्या राहतील. निघायच्या आदल्या रात्री पिशवी न उघडता बाहेर काढावी, म्हणजे थंड पट्ट्यांवर हवेतील दव जमणार नाही, आणि मग चौघांसाठी चार लहान पिशव्यांत वाटून द्याव्यात. एकच मोठी पिशवी वारंवार उघडली जाते आणि डोंगरातला ओलावा प्रत्येक वेळी आत शिरतो.